तोळाभर शिसं



तीन महिने इथं काही लिहिलं नाही म्हणून दोघी-तिघींनी खुशाली विचारली. मी ठणठणीत आहे. लेकीकडे होते, अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. तिथले रस्ते, बर्फ, मॉल आणि शिस्त हे सगळं मागच्या दोन खेपांना लिहून झालंय, ते पुन्हा वाचायला लावत नाही. या खेपेला मी शिशाच्या गोळ्या तोलल्या. शंभर. एकेक करून.

हो, बंदुकीच्याच गोळ्या. दचकू नका, मीही दचकले होते.

झालं असं की आमच्या जावईबापूंना नवा नाद लागलाय, ठासणीच्या बंदुकीचा. शेजारी एक म्हातारबाबा राहतात, जन्मभर लेथवर काम केलेले. त्यांच्या नादानं हे सुरू झालं. बंदूक जुन्या धर्तीची, गारगोटीच्या ठिणगीवर बार उडणारी. नळीच्या तोंडातून आधी मापानं दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी ठेवायची आणि लाकडी गजानं ती खालपर्यंत ठासायची. एक बार काढायला एवढा खटाटोप! त्या राज्यात १९७४ पासून हरणांच्या शिकारीसाठी खास गारगोटीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम ठेवलेला आहे, नाताळानंतरच्या थंडीत. जावईबापूंनी अजून हरीण मारलेलं नाही. कागदाच्या निशाणावर नेम धरतात. लेक म्हणते, तेवढ्यावरच राहू दे.

ठासणीची बंदूक मला अगदीच परकी नाही. कोकणात आमच्या थोरल्या काकांकडे होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं भातात उतरली की रात्री काका माडीवर गज ठासायचे, तो ठक्‌ठक्‌ आवाज अंथरुणातून ऐकू यायचा आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. बंदूक या वस्तूशी माझं नातं अजून तेवढंच आहे. म्हणून जावई म्हणाले, "आई, उद्या गोळ्या ओतणार आहे, बघायला येता का?" तेव्हा मी सरळ नाही म्हणणार होते. पण अकरा वर्षांचा नातू मागं लागला. त्याला एकट्याला जाऊ द्यायची लेकीची तयारी नव्हती. आजी राखणीला म्हणून गेली.

गॅरेजचं दार सताड उघडं, आम्ही दोघं बाहेर खुर्च्यांवर. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे धातूंच्या मानानं लवकरच. विजेच्या भांड्यात ते वितळलं की वर राखेसारखी साय धरते, ती पळीनं काढून टाकायची. माझा पहिला प्रश्न, "ही पळी स्वयंपाकघरातली नाही ना?" नव्हती. पळी, भांडं, हातमोजे सगळं वेगळं, आणि नंतर साबणानं हात धुतल्याशिवाय घरात कशाला हात लावायचा नाही. शिसं अंगात जाणं वाईट, मुलांना तर फारच वाईट. दुसरा नियम पाण्याचा. ओला साचा किंवा ओली पळी तापल्या शिशात गेली तर वाफेनं शिसं उसळून अंगावर येतं. तापल्या तेलात ओला वडा सोडलाय त्यांना हे सांगायला नको.

साचा म्हणजे दोन पाती, आत वाटीसारखे अर्धे-अर्धे खळगे, सांडशीसारखे दांडे. ओतलं, क्षणभर थांबलं, वरचं पातं सरकवून देठ तोडला आणि साचा उघडला की गोळी टपकन फडक्यावर. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या येतात. पहिल्या दहा-बारा तशाच आल्या, त्या परत भांड्यात. मग साचा तापला आणि चंदेरी, लखलखीत गोळ्या पडायला लागल्या. नातू म्हणाला, "रव्याचे लाडू." मला नाही ते आवडलं, पण दिसत होत्या तशाच.

दुसऱ्या दिवशी तोलायचं काम. ते मात्र मी मागून घेतलं. हातमोजे घातले, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. छोटा बॅटरीचा काटा, सोनाराकडे असतो तसा, पण वजन दाखवणार ग्रेनमध्ये. नातवाचं काम वहीत आकडे लिहायचं. गोळीला त्यानं हात लावायचा नाही.

सगळ्या एकाच साच्यातल्या, बाहेरून सारख्याच दिसतात, मग तोलायच्या कशाला? मी विचारलं तर जावई म्हणाले, "आतलं बघायला." शिसं थंड होताना आकसतं. ओतताना हवा अडकली किंवा आकसताना वरून पुरेसं शिसं आलं नाही, तर आत पोकळी राहते. बाहेरून कळत नाही. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांतून गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. पोकळी एका अंगाला असली तर ती डगमगते आणि नेम चुकतो. पोकळी डोळ्यांना दिसत नाही, काट्याला मात्र दिसते.

साचा ०.४९ इंचाचा. शुद्ध शिशाची एवढी गोळी हिशेबानं १७७ ग्रेनच्या आसपास भरायला हवी. आमच्या शंभरांपैकी ८१ गोळ्या १७६ ते १७७.५ मध्ये आल्या. दोन जड निघाल्या, साचा नीट मिटला नव्हता म्हणून. सतरा हलक्या. सगळ्यांत हलकी १७१. चाळीस वर्षं मी वर्गाच्या गुणांचे तक्ते केले, असा तक्ता कधी बघितला नव्हता. वर्गात पुढेही शेपूट असतं आणि मागेही. इथं वरच्या बाजूला भिंत, कारण साचा भरला की भरला, त्याहून जास्त शिसं मावणार कुठं? खालच्या बाजूला मात्र उतार.

ती १७१ वाली जावयांनी पकडीत धरून करवतीनं चिरली. आत, देठाच्या जरा खाली, ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी. मी गणित करून बघितलं. सहा ग्रेन शिशाची जागा म्हणजे साधारण चार मिलिमीटरचं भोक. बरोबर ज्वारी. सतराही गोळ्या परत भांड्यात गेल्या.

आता ग्रेनचं. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्याकडे गुंज होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक मी शाळेत पाठ केलंय, मेट्रिक वजनं यायच्या आधी. आणि तोळा? १८३३ मध्ये कंपनी सरकारनं तो १८० ग्रेनचा ठरवला. १८३५ पासूनचा चांदीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणजे सोनार वजन म्हणून रुपया वापरू शके.

हे आठवल्यावर मला राहवेना. लेकीच्या देव्हाऱ्यात मी दिलेला राजाछाप रुपया आहे, लक्ष्मीपूजनाचा, पाचव्या जॉर्जचा. हातमोजे काढले, हात धुतले, रुपया आणला, काट्यावर नवा कागद घालून ठेवला. १७८.६! शंभर वर्षांत हाताळून दीड ग्रेन झिजलाय. म्हणजे जावयांच्या बंदुकीची गोळी आणि आमचा लक्ष्मीपूजनाचा रुपया यांच्यात फरक जेमतेम दोन ग्रेनचा. तोळाभर चांदी आणि तोळाभर शिसं. लेक ओरडली, "आई, देवातला रुपया बंदुकीच्या काट्यावर?" तिचं बरोबरच होतं. धुवून परत ठेवला.

पण जॉर्ज डोक्यातून जाईना. हा पाचवा. तिसऱ्याची गोष्ट मला माहीत होती, इतिहासाच्या शिक्षिकेला असते तेवढी. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध मी वर्षानुवर्षं शिकवलं. चहाच्या पेट्या, लेक्सिंग्टन, साराटोगा, यॉर्कटाउन, परीक्षेला कारणे लिहा. राजाचा पुतळा पाडला हे एका वाक्यात सांगून पुढं जायची. त्या वाक्याच्या आत काय आहे ते मी गोळ्या तोलेपर्यंत नीट बघितलंच नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये बोलिंग ग्रीन नावाची जागा आहे. तिथं १७७० मध्ये तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावर बसलेला पुतळा उभारला होता. तो शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. ९ जुलै १७७६ ला वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, आणि त्याच संध्याकाळी लोकांनी दोर लावून राजा खाली ओढला. तुकडे कनेटिकटमधल्या लिचफील्ड गावी गेले, ऑलिव्हर वुलकट यांच्या घरी. हे गृहस्थ जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. तिथं राजाच्या गोळ्या ओतल्या गेल्या. काही तुकडे मात्र राजनिष्ठ लोकांनी वाटेत पळवून पुरून ठेवले. ते पुढं विल्टन गावच्या दलदलीत सापडले, आणि घोड्याची शेपटी आज न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात आहे.

वुलकट यांच्या कागदांत याचा हिशेब आहे. एकूण काडतुसं ४२,०८८. काडतूस म्हणजे तेव्हा कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी. आणि कुणी किती केली तेही नावानिशी लिहिलंय. रूथ मार्विन ११,५९२. मेरी अ‍ॅन १०,७९०. लॉरा ८,३७८. फ्रेडरिक ९३६. यांतल्या लॉरा, मेरी अ‍ॅन आणि फ्रेडरिक ही वुलकट यांची मुलं. लॉरा पंधरा वर्षांची, मेरी अ‍ॅन अकराची, फ्रेडरिक आठ-नऊ वर्षांचा. त्याचा आकडा का कमी ते कोणतीही आई सांगेल. थोडा वेळ बसला असेल, मग पळाला असेल.

हे मी नातवाला वाचून दाखवलं. त्यानं लगेच भागाकार केला. रोज शंभर केली तर मेरी अ‍ॅनला एकशे आठ दिवस. मग म्हणाला, "तिला हातमोजे होते?"

नसणार. बेंजामिन फ्रँकलिननं १७८६ च्या एका पत्रात शिशाच्या विषबाधेबद्दल बरंच लिहिलंय. छापखान्यातले लोक गरम केलेले शिशाचे खिळे हाताळतात आणि त्यांचे हात निकामी होतात, हे त्यानं तरुणपणी स्वतः पाहिलं होतं. म्हणजे माहीत असणाऱ्यांना माहीत होतं. लिचफील्डच्या बागेत कुणी ते सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि सांगितलं असतं तरी युद्ध चालू होतं.

त्या हिशेबातली आणखी एक गोष्ट मला खटकत राहिली. सगळा हिशेब नगांत आहे, वजनात नाही. तेही समजतं. फौजेची मस्केट आतून गुळगुळीत, पीळ नसलेली. इंग्रजांच्या ब्राउन बेसची नळी पाऊण इंच आणि गोळी ०.६९ इंचाची, म्हणजे चांगलीच सैल. भराभर भरता यावी म्हणून. रांगेनं उभं राहायचं आणि समोरच्या रांगेवर एकदम बार काढायचा. तिथं सहा ग्रेनची पोकळी कोण बघतो? गोळीचं वजन बघणारा तो रायफलवाला. लँकेस्टरच्या आसपास जर्मन बोलणारे कारागीर लांब नळीच्या रायफली करायचे. नळी हातानं कोरलेली, एकीसारखी दुसरी नाही, म्हणून प्रत्येक बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा द्यायचे. जावयांचा छंद हा त्या घराण्यातला.

(जाता जाता: बंदुकीचं माप वजनावरूनच ठरायचं. आपल्याकडे 'बारा बोअर' म्हणतात ना, म्हणजे नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचा एक पौंड. आमच्या गोळ्या पौंडाला जवळजवळ चाळीस.)

एका रविवारी फिलाडेल्फियाला गेलो, तिथं जुना छऱ्यांचा मनोरा आहे, विटांचा, १४२ फूट उंच, १८०८ चा. वरून चाळणीतून वितळलेलं शिसं सोडायचं, पडता पडता थेंब गोल होतात आणि खाली पाण्यात थंड होतात. ही युक्ती ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सची, १७८२ चं पेटंट. पण मी थांबले ते दुसऱ्याच माहितीपाशी. मनोरा दोन भागीदारांचा, थॉमस स्पार्क्स आणि जॉन बिशप. बिशप क्वेकर पंथाचे. शिकारीचे छरे करायला त्यांची हरकत नव्हती. १८१२ चं युद्ध आलं, लष्कराची मागणी आली, तेव्हा त्यांनी आपला हिस्सा विकून टाकला. शिसं तेच आणि मनोराही तोच. आज त्याच्या पायथ्याशी मुलांचं क्रीडांगण आहे. जावयांकडे मी बघितलं नाही, पण त्यांनीच म्हटलं, "आई, मी बिशपच्या बाजूचा." मी म्हटलं, "मग ठीक आहे."

आता शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त पुरली.

न्यू जर्सीत मॉनमथ इथं २८ जून १७७८ ला मोठी लढाई झाली, इतक्या उकाड्यात की दोन्हीकडची माणसं उष्माघातानंही मेली. त्या शेतांतून पुरातत्त्ववाल्यांनी धातुशोधक यंत्रं फिरवून गोळ्या गोळा केल्या. न उडालेली, हातातून निसटलेली गोळी गोल राहते, तिचा व्यास मोजता येतो. उडून कशावर तरी आदळलेली चपटी होते, पानासारखी. ती कोणत्या बंदुकीची हे कसं सांगायचं? आकार गेला, पण वजन राहिलेलं असतं! डॅनियल सिव्हिलिच या संशोधकानं १९९६ मध्ये सूत्र मांडलं: वजन ग्रॅममध्ये घ्या, घनमूळ काढा, ०.२२३२ नं गुणा, मूळ व्यास इंचात मिळेल. अडीच तोळ्यांच्या आसपास असेल तर बहुधा ब्राउन बेसची. दोन तोळ्यांच्या आसपास असेल तर फ्रेंच धाटणीच्या, अमेरिकनांकडे असायच्या तशा मस्केटची. (तोळे माझे, सूत्रातले नव्हेत.) बंदुका इकडच्या तिकडे जायच्या, त्यामुळे एका गोळीवरून शपथ घेता येत नाही, पण शेकडो गोळ्या नकाशावर मांडल्या की रांगा कुठं उभ्या होत्या ते दिसायला लागतं. तिथं दातांच्या खुणा असलेल्याही गोळ्या सापडल्या. जखमी शिपाई वेदना सोसायला गोळी चावायचे, ही गोष्ट मी स्वतः वर्गात रंगवून सांगितलेली आहे. बऱ्याच खुणा डुकरांच्या निघाल्या. माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी वाचत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी.

ते सूत्र आम्ही आमच्या गोळीला लावून बघितलं. ११.४५ ग्रॅम. उत्तर आलं ०.५०३ इंच. पण साचा तर ०.४९ चा! नातवाला वाटलं त्याचं चुकलं. पुन्हा केलं, तेच. मग मी उलट बाजूनं गेले. त्या सूत्रात शिशाची घनता किती धरल्यासारखी होते? साधारण १०.५. शुद्ध शिशाची ११.३४. म्हणजे हे सूत्र आमच्या निवडलेल्या गोळीसाठी नाहीच. ते मातीतून निघालेल्या गोळ्यांसाठी आहे, आणि त्या गोळ्या त्यांच्या आकाराच्या मानानं हलक्या. शिशात दुसरे धातू मिसळलेले असतील, आणि मला वाटतं, आत हवाही. ज्वारीचे दाणे. आम्ही ज्या सतरा परत भांड्यात टाकल्या, तशा तिकडे कुणी बाजूला काढल्या नाहीत. सगळ्या पुडीत बांधल्या आणि पाठवल्या.

मग मी ती चिरलेली गोळी पुन्हा बघायला मागितली, तर जावयांनी ती आधीच वितळवून टाकली होती.

नातवाची वही मी मागून घेतली आहे, शंभर आकड्यांची. पुढच्या खेपेला मॉनमथला जायचं ठरलंय, आमचे हेही येणार म्हणतात, बंदुकीसाठी नाही, तिथल्या सफरचंदांसाठी.

असो. आता तुमचं काम. ज्यांच्या देव्हाऱ्यात राणीछाप किंवा राजाछाप रुपया असेल त्यांनी ओळखीच्या सोनाराकडून तोलून मला कळवा. नवा असताना ११.६६ ग्रॅम होता. तुमचा किती झिजलाय, आणि घरात कुणाच्या हातून कुणाच्या हाती आलाय, तेही लिहा.